गिरणी थांबवणारी अक्का

अक्काने काठी आपटली की खाली गिरणी थांबायची. गंगाखेडला बसस्टँडमागच्या गल्लीत बाबुमामांची पिठाची गिरणी होती आणि तिच्या बरोबर वर, लोखंडी जिना चढून गेलं की, अक्काचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या कोपऱ्यातून एक पाइप स्लॅबमधून खाली उतरला होता. अक्का तिच्या वडिलांची मेंढरं वळायची काठी घ्यायची आणि टोकाला लोखंड ठोकलेल्या बाजूने त्या पाइपावर तीन ठोके द्यायची. बाबुमामांना समोर उभ्या बाईचं ‘जरा बारीक दळा’ कधी ऐकू आलं नाही, पण हे तीन ठोके मात्र पोटात ऐकू यायचे. पट्टा सैल पडायचा, जातं कुरकुरत थांबायचं आणि मामा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून रांगेतल्या बायांना सांगायचे, “बसा आता. वर पेशंट आलाय.”

आजारी डिस्क वाचायची तर टेबल थरथरता कामा नये, हा अक्काचा पहिला कायदा. मग दुकान गिरणीवर कशाला थाटलं, असं मी एकदा फार शहाणपणाने विचारलं. अक्काने हातातला पेचकस खाली ठेवला. पेचकस खाली ठेवला की समजायचं, आता आपली धडगत नाही. “मग कुठं थाटू? तुमच्या वसरीत?” म्हणाली. स्टँडसमोरच्या ओळीत तिने एकेका गाळेवाल्याला विचारलं होतं. एक म्हणाला, बाई, मोबाईलची कव्हरं विका, चालतेत. दुसऱ्याने विचारलं, मशीन उघडणारा माणूस कोण हाय? ही म्हणाली, मीच. तो म्हणाला, न्हाई, म्हंजे माणूस कोण? शेवटी बाबुमामांनी वरची खोली दिली. “त्यांनी इतकंच इचारलं, धूळ चालंल का. म्हटलं, मामा, धूळ चालंल, थरथर न्हाई चालणार. ते म्हणाले, मग आवाज द्येत जा.” त्या आवाज देण्यासाठी काठी.

गावात सगळे तिला तापट म्हणत. हा शब्द मला मुळीच मान्य नाही. तापट माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरी तापतो. अक्का एकाच गोष्टीवर तापायची : माणसं न वाचता बटण दाबतात, यावर. तिच्यासमोर कोणीही बंद पडलेलं मशीन ठेवलं, मग तो ग्रामपंचायत सदस्य असो की डॉक्टर, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. “काय इचारलं होतं त्यानं?”

“कोणी?”

“ह्या डब्यानं. तुमी ‘येस’ दाबलंत न्हवं? मग त्यानं काहीतरी इचारलं आसंल की. काय इचारलं होतं?”

समोरचा म्हणायचा, ते कोण वाचतं. “उद्या तुमाला कोणी इचारलं, घर पेटवू का, तरी येसच म्हणाल,” असं म्हणून ती कामाला लागायची.

दुसरा कायदा कागदाचा. मशीन टेबलावर आलं तरी ती त्याला हात लावायची नाही. आधी एक कोरा कागद आणि दोऱ्याने बांधलेलं पेन पुढे सरकवायची. “काय काय गेलं ते ल्ह्या. तुमच्या हातानं. ज्याच्यावाचून घास उतरंना, ते वर.” लोक म्हणायचे, अक्का, सगळंच पाहिजे. “सगळं कोणालाच सापडत न्हाई. ल्ह्या.” एक वकील अर्धा तास पेन चावत बसले होते म्हणे. सगळ्या खटल्यांचे कागद गेलेले. शेवटी मुलीच्या बारशाचा व्हिडिओ, एवढी एकच ओळ लिहून त्यांनी कागद परत दिला आणि डोळे पुसायला जिन्यात गेले.

आता माझ्या प्रतापाकडे येतो. टाळायची फार इच्छा होती.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘उतारा काळजीपूर्वक वाचा व खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ हे वाक्य मी आयुष्यात जेवढ्या वेळा उच्चारलं, तेवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर एव्हाना लोक माझ्या पाया पडले असते. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने त्याचा जुना कंप्युटर मला दिला. त्यावर मी माझं आत्मचरित्र लिहीत होतो, फोनमधले फोटो त्यात हलवून फोन रिकामा करत होतो, एकूण सुखाने चाललं होतं. मात्र रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक निरोप यायचा : तुमची प्रणाली जुनी झाली, नवी आली आहे, घ्या. या प्रकाराचा मला आजही संताप येतो. मी तक्रार केली होती? कोण कुठली मंडळी कुठेतरी बसून माझ्या घरातल्या वस्तूला जुनी म्हणतात, आणि दिवसातून चारदा म्हणतात! ते काम करायला घरी माझी बायको सुलभा आहे, आणि ती ते वस्तूपुरतं ठेवत नाही.

पण रोज रोज हिणवल्यावर माणूस हलतो. मी ठरवलं, घेऊन टाकू नवी, मात्र चांगला दिवस बघून. चांगला दिवस म्हणून मी निवडला खंडेनवमीचा. सकाळी आंघोळ करून त्या निरोपाला ‘हो’ म्हणालो. आकडे चढायला लागले. अकराच्या सुमारास त्रेसष्ट टक्के झाले होते, तेवढ्यात सुलभा पूजेचं ताट घेऊन आली. विळी, कोयता, तिचं शिलाई मशीन, माझी स्कूटर या सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागलं होतं. राहिला होता कंप्युटर.

“अहो, हे चालू कसं?” ती दारातच थांबली. “पूजेच्या दिवशी हत्याराला कामाला लावतात का? मी सकाळपासून मशीनमध्ये दोरासुद्धा ओवला नाही.”

“थोडंच राहिलंय.”

“थोडं असो की फार. आज हत्यार विसावतं. बंद करा.”

पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं, कंप्युटर बंद करू नका. एकीकडे ते यंत्र, दुसरीकडे ताट घेऊन उभी असलेली सुलभा. दोघांपैकी माझ्याशी उद्या कोण अबोला धरू शकतं, याचा मी विचार केला आणि बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. सुलभाने डब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि मी, ज्याने नुकताच त्याचा जीव घेतला होता, त्याच्यापुढे डोळे मिटून हात जोडले.

दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर चालू केला. निळ्या पडद्यावर त्याने दोन-तीन प्रश्न विचारले. मी दरवेळी जे बटण ठळक दिसलं ते दाबलं. दोन तासांनी कंप्युटर उघडला तो पुसलेल्या पाटीसारखा कोरा. सुलभा म्हणाली, “बघा, पूजा केली तर किती स्वच्छ झाला.” मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग माझं आत्मचरित्र उघडायला गेलो, आणि ते नव्हतं. काहीच नव्हतं.

शहाण्या माणसाने इथे मशीन बंद करून कोणाला तरी सांगितलं असतं. मी कोणालाही सांगितलं नाही. उलट घरात शंका येऊ नये म्हणून कंप्युटर भरायला घेतला. मुलाला विचारून जुने चित्रपट उतरवले, एकामागून एक अकरा. भजनं उतरवली. तीन आठवडे मी असा छाती काढून त्या कोऱ्या मैदानावर सामान टाकत होतो. आणि त्या मैदानाखाली म्हाळप्पा होता.

म्हाळप्पा राणीसावरगावचा. तिथल्या शाळेत मी बावीस वर्षं होतो. त्याची मेंढरं शाळेच्या कुंपणाची मेंदी खायची, मी ओरडायचो, तो म्हणायचा, “सर, त्यांना शाळंत याचंय, तुमी घ्यायलाव का?” मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी एका सकाळी तो नुकतंच जन्मलेलं कोकरू हातात घेऊन मैदानातून चालला होता. तोंडभर हसू. मी फोनवर फोटो काढला. आयुष्यात मी चांगला काढलेला तो एकच फोटो. या नवमीच्या आदल्या वर्षी कार्तिकात म्हाळप्पा दोन दिवसांच्या तापाने गेला. त्याचा दुसरा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा. सरकारने माणसाच्या तोंडावर एवढा उजेड सोडायचा की नाकडोळे पुसले जावेत, किंवा एवढा अंधार की फक्त कान उरावेत, हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. म्हाळप्पाच्या वाट्याला अंधार आला होता. तेराव्यानंतर त्याची बायको गंगाबाई माझ्याकडे आली. “सर, तुमी काढला होता बगा एक. भिताडाला लावायला पायजे. वर्साच्या आत द्या म्हंजे झालं.”

मी म्हणालो, “गंगाबाई, काळजी करू नका. कंप्युटरात आहे. कुठे जात नाही.”

फोटो छापून देणारा आमच्या गल्लीच्या टोकाला बसतो. मला चप्पल घालून दोनशे पावलं जायची होती. अकरा महिन्यांत मी ती दोनशे पावलं गेलो नाही. यंत्रावर, निरोप धाडणाऱ्यांवर, मुहूर्तावर मी मनातल्या मनात खूप आरडाओरडा केला आहे, पण ही दोनशे पावलं कोणाच्या माथी मारावी ते अजून सुचलेलं नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला तेव्हा गंगाबाई जीपने आली. “सोमवारी वर्साचं घातलंय. केलाव न्हवं फोटो?”

मी खरं सांगितलं. तिला नीट कळावं म्हणून फार सविस्तर सांगितलं, म्हणजे स्वतःला सोडवण्यासाठी. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे आता ते कुठंच न्हाईत?”

रिक्षात डबा मांडीवर घेऊन आम्ही दोघं अक्काकडे गेलो. हार अजून डब्यावर होता. झेंडू वाळून काळा पडला होता, तो काढायचंही मला सुचलं नव्हतं. अक्काने आधी हाराकडे पाहिलं, मग कुंकवाकडे, मग माझ्याकडे.

“कवा वारला?”

मी नवमीपासून सगळं सांगितलं. त्रेसष्ट टक्क्यांवर ती डोळे मिटून बसली. निळ्या पडद्यापाशी आलो तेव्हा तिने पेचकस खाली ठेवला.

“काय इचारलं होतं त्यानं?”

“ते… आठवत नाही.”

“तुमी इंग्रजीचे सर न्हवं?”

“हो.”

“त्यानं इंग्रजीतच इचारलं आसंल की. फायली ठिवू का सगळं काढून टाकू, आसं इचारतंय ते. पोरांनी उतारा न वाचता उत्तर ल्हिलं तर तुमी काय द्यायचे?”

“शून्य,” मी म्हणालो.

कागद पुढे आला. मी लिहिलं. पहिल्या ओळीत ‘माझे आत्मचरित्र (अपूर्ण), पाने एकशे बारा’. मग निवृत्तीच्या निरोप समारंभाचे फोटो, मग माझ्या कविता, मग मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ, अशा आठ ओळी. नववी ओळ : ‘म्हाळप्पाचा फोटो’. अक्काने कागद वाचला. गंगाबाई स्टुलावर, पदर दोन्ही मुठींत धरून बसली होती. अक्काने कागदाची नववी ओळ तेवढी पट्टी लावून फाडून घेतली, टेबलावर पेपरवेटखाली ठेवली आणि उरलेला कागद चुरगाळून माझ्या हातात दिला.

“ह्या बाईला समोर बसवून तुमी कविता ल्हिता वर?”

मी चाचरत विचारलं, पुसलं गेलेलं परत येतं का? त्यावर तिने जे सांगितलं ते मी पुढे बऱ्याच लोकांना माझं म्हणून सांगितलं आहे. “सर, हजेरीपटावरून नाव कमी केलं म्हणून पोरगं वर्गातून उठून जातंय का? ते बसलेलंच ऱ्हातंय. डब्यानं फक्त नाव खोडलंय. पण त्याच्या जागेवर दुसरं पोरगं आणून बसिवलं तर मग गेलं.” मग तिचा आवाज एकदम चढला. “आमच्या बापाचं मेंढरू चुकलं तर तो आधी त्या वाटंवर कोणाला चालू द्यायचा न्हाई. माग मोडतो म्हणून. आन् तुमी तीन हप्ते त्या मागावर पिच्चर नाचिवले. किती?”

“अकरा,” मी म्हणालो. भजनांबद्दल बोललो नाही.

डिस्क जुनी, फिरणारी होती, एवढंच नशीब. नव्या चिपवाल्या प्रकारची असती तर मी हात जोडले असते, असं अक्का म्हणाली. पण बटण दाबून मारल्यामुळे डिस्क मधूनच टकटक करत होती. अक्काने ती काढली, आपल्या मशीनला जोडली. मूळ डिस्कवर ती कधी शोध घ्यायची नाही. आधी अख्खी नक्कल, मग नकलेत शोध. तिने काठी उचलली. तीन ठोके. खाली जातं कुरकुरत थांबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी खाली जाऊन बसा. गिरणी थांबली, आता तुमच्या पायाची थरथर तेवढी ऱ्हायली.”

खाली ज्वारीचे डबे घेऊन सात-आठ बाया बसल्या होत्या. मी पोत्यावर टेकलो. मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीने विचारलं, “तुमचं हाय का पेशंट?”

मी हो म्हणालो आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण बोलणं ही माझी खोड. नवमीची गोष्ट जरा रंगवून सांगितली, बाया हसतील म्हणून. एकही हसली नाही.

“आवं सर,” म्हातारी म्हणाली, “पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचं जू उतरिवतेत. चालत्या गाडीच्या बैलाचे पाय बांधतेत का?”

“आमच्या हिनंच सांगितलं…”

“तिनं बंद करा म्हटलं. मारा म्हटलं का?” दुसरी म्हणाली. “आन् ती बाई कोण? तुमच्यासंगं वर गेली ती?”

सांगावं लागलं. फोटोचं, वर्षश्राद्धाचं, अकरा महिन्यांचं. मी विषय बदलायला म्हणालो, माझ्यामुळे तुमचा सगळ्यांचा खोळंबा झाला, तुमच्या भाकरीला उशीर होणार. ती दुसरी बाई, चाळिशीची असेल, डबा बाजूला सारून माझ्यासमोर उभी राहिली. “माझी भाकर उशिरानं हुईल, सर. तिचा नवरा एकदा देवानं नेला, दुसऱ्यांदा तुमी. माझ्या भाकरीचं काय सांगायलाव?”

बाबुमामांनी मला पाणी दिलं. तेसुद्धा माझ्याकडे न बघता.

संध्याकाळपर्यंत गिरणी बंद होती. मधे कोणी नवीन बाई आली की जुन्यांपैकी कोणीतरी बोटाने मला दाखवायची आणि ती नवीन बाई निमूट बसायची. एकही बाई दळण घेऊन दुसऱ्या गिरणीला गेली नाही, हे मला आज लिहिताना जाणवतंय. त्या वेळी मी फक्त स्वतःचे बूट बघत होतो.

चारला अक्काने हाक मारली. फोटो परत आले होते, पण नावं गेलेली, नुसते आकडे. सहा हजारांवर चित्रं. एकेक बघून ओळखायचं. गंगाबाई म्हणाली, मी बघते, तुमी सरकवा. आणि माझी अब्रू पडद्यावरून सरकू लागली. उगवता सूर्य आणि शुभ सकाळ. गुलाब आणि शुभ सकाळ. दोन गुलाब, एक कप चहा आणि शुभ सकाळ. माझ्या अंगठ्याचे फोटो. चुकून काढलेले माझ्या नाकपुड्यांचे फोटो. पुन्हा गुलाब.

“सर, एवढे गुलाब कोणासाठी जमिवले?” अक्काने विचारलं.

“लोक पाठवतात.”

“आन् तुमी ठिवता. माणसाचा एक फोटो छापत न्हाई, गुलाब ठिवता.”

गंगाबाई मात्र प्रत्येक चित्राकडे सारख्याच आदराने बघत होती. एकाएकी ती उठून पडद्याजवळ गेली. “हे बगा.”

म्हाळप्पा हसत होता. पटका, कपाळावरच्या आठ्या, एक दात नसलेलं हसू, मागे शाळेची भिंत. सगळं लख्ख, छातीपर्यंत. त्याच्या खाली फोटो संपला होता. बंडीच्या दुसऱ्या गुंडीपासून खाली नुसता करडा रंग, सिमेंटच्या भिंतीसारखा.

गंगाबाईने त्या करड्या जागेवर बोट ठेवलं. “हितं कोकरू होतं. हातात.”

“होतं,” मी म्हणालो.

“कपाळावर पांढरा ठिपका होता त्याच्या. त्याचीच पिल्लं हायेत आता आमच्यात.”

अक्काने दोन-चार गोष्टी करून पाहिल्या, पडद्यावर आकड्यांच्या रांगा आल्या नि गेल्या. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले. मी अपराध्यासारखं विचारलं, खालचं काहीच येणार नाही का? मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “त्या कोकराच्या जागेवर तुमची पिच्चर बसलीय, सर. कोणची ते इचारू नका. मी बघितलंय. लय भंगार पिच्चर हाय.”

त्या संध्याकाळी अक्का स्वतः जिना उतरून, आमच्याबरोबर चालत, फोटोवाल्याकडे आली. फोटो छातीवर कापून मोठा करून घेतला, काच लावून घेतली, तो गंगाबाईच्या पिशवीत जाईपर्यंत ती हलली नाही. मी पुढे झालो तर म्हणाली, “तुमी धरू नका. तुमच्या हाताला मुहूर्त हाय.” आणि माझं आत्मचरित्र? ते काही सापडलं नाही. अक्काने ते शोधलंच नाही असा माझा संशय आहे.

गंगाबाई जीपमध्ये बसल्यावर मी अक्काला सोडायला गिरणीपर्यंत आलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली. “सर, शाळंतल्या त्या कंप्युटरचं काय झालं हो पुढं?”

“कुठल्या शाळेतल्या?”

“आपल्या. राणीसावरगावच्या.”

वर्षानुवर्षं गावातून जाता-येता अक्काला पाहिलं होतं, इतरांसारखंच अक्का म्हणत होतो, आणि ती माझ्या वर्गात बसून गेलेली विद्यार्थिनी होती हे मला माहीत नव्हतं. शाळेला पहिला कंप्युटर आला तेव्हा त्याची किल्ली माझ्याकडे होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत, मखमली कापडाखाली तो असायचा. पोरांनी चप्पल काढून दारातून बघायचं, आत यायचं नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कापड निघायचं.

“मी आठवीला होते. पूजेचं ताट माझ्या हातात दिलं होतं तुमी. मी म्हटलं, सर, एकदा चालू करून दावा की. तुमी म्हणालाव, आज हत्यार चालवत नसतेत. म्हटलं, मंग उद्या? तुमी म्हणालाव, आधी अभ्यासात लक्ष दे.” ती हसली नाही. “मंग काय झालं त्याचं?”

काय झालं? सात-आठ वर्षं कापडाखाली राहून तो भंगारात गेला. तो चालतो की नाही हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. मी तिला हे सांगितलं.

अक्काने एवढा वेळ धरून ठेवलेला राग तेव्हा बाहेर आला. “पूजा लय करता तुमी लोक! हळदकुंकू, हार, नारळ, सगळं. हत्यार शिकत न्हाई, शिकू देत न्हाई, वापरत न्हाई, वाचत न्हाई. नुसते हात जोडता!” वर जाऊन तिने पाइपावर एकच ठोका दिला. एक ठोका म्हणजे चालू करा. गिरणी धडधडत सुरू झाली, बायांनी डबे उचलले, आणि मी पिठाच्या धुरळ्यात उभा राहिलो.

त्यानंतर अक्का जेमतेम दीड वर्ष गंगाखेडला होती. बाबुमामा वारले, मुलांनी जागा विकली, गिरणी पाडून तिथे मोठी इमारत करायचं ठरलं. अक्का पुन्हा स्टँडसमोरच्या ओळीत हिंडली. आता सगळे तिला ओळखत होते. ज्यांची मशीनं तिने जिवंत केली असे दोन तर त्यातले गाळ्यांचे मालकच होते. गाळा कोणी दिला नाही. आम्ही काही निवृत्त मंडळींनी मग काय केलं, तर तिचा जाहीर सत्कार ठरवला. शाल, नारळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर अर्थातच माझा. निमंत्रण द्यायला मीच गेलो. ती काठीला जुनं धोतर गुंडाळून बांधाबांध करत होती.

“शाल नको सर,” म्हणाली, “जागा द्या.”

आमच्यापैकी तिघांच्या नावावर रिकामे गाळे होते. सत्कार रद्द झाला. मला त्या गोष्टीचा आजही एवढा राग येतो की मानपत्राचा कागद मी जपून ठेवला आहे, दर वर्षी एकदा वाचण्यासाठी. त्यात मी तिला ‘गंगाखेडचे भूषण’ म्हटलंय. भूषण दुसऱ्या आठवड्यात सामान टेम्पोत घालून हैदराबादला गेलं. तिथे ती एका मोठ्या ठिकाणी हेच काम करते, असं ऐकतो. तिथे गिरणी नसावी.

गंगाबाईच्या घरी मी मधे जाऊन आलो. म्हाळप्पा भिंतीवर हसतोय. येणारे-जाणारे म्हणतात, किती झ्याक फोटो आलाय. गंगाबाईने कोणालाही खाली काय होतं ते सांगितलेलं नाही. निघताना माझ्या पायाशी कपाळावर पांढरा ठिपका असलेलं एक कोकरू आलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आता तरी काढून ठिवा की ह्याचा.” मी काढला आणि त्याच दिवशी छापून तिला पोचवला. दोनशे पावलं खरोखरच दोनशे भरली.

परवा खंडेनवमी झाली. आदल्या दिवशी पडद्यावर पुन्हा तसाच एक निरोप आला होता. मी चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, मोठ्याने तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. सुलभा उद्याच्या पूजेसाठी घासलेलं ताट घेऊन दारात थांबली होती. “अजून किती?” तिने विचारलं. मी म्हणालो, नवमी उद्या आहे, ताट ठेव, आधी हे काय विचारतंय ते बघू. मग सगळ्याची एक नक्कल घरच्या डिस्कवर काढली, दुसरी मुलाकडे पाठवली. गुलाब काढून टाकले. आणि एक कोरा कागद घेऊन आत काय काय आहे ते स्वतःच्या हाताने लिहायला बसलो. ज्याच्यावाचून घास उतरत नाही, ते वर.

पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलेलं आत्मचरित्र नवव्या ओळीत आलं. पहिल्या ओळीत लिहिलं : म्हाळप्पाचा फोटो, छातीपर्यंत. कोकरू नाही.